दौलत मिस्त्रींचं माप

"भाकर कोन थापते?"

दिग्रसला आर्णी रोडवर दौलत मिस्त्रींचं दगडाचं दुकान होतं. त्या दुकानात पाऊल ठेवलं की पहिला हा प्रश्न यायचा. गिऱ्हाईक बिचारं कागदावर सगळं लिहून आलेलं असायचं. ओटा किती फूट, सिंक कोणत्या बाजूला, खिडकी कुठे. मिस्त्री तो कागद घ्यायचे, चष्मा कपाळावर सारून नीट वाचायचे आणि घडी करून परत द्यायचे.

"हे भितीचं माप हाय. भित सैपाक करते का? जे बाई करते तिले घेऊन या."

काही जण चिडून थेट यवतमाळला जाऊन दगड घ्यायचे. काही जण आठ दिवसांनी बायकोला नाहीतर आईला मोटारसायकलवर मागे बसवून परत यायचे. जे गेले त्यांचं मिस्त्रींना दुःख नव्हतं. जे परत आले त्यांचं फार कौतुकही नव्हतं. आलेल्या बाईला ते चपला काढायला लावायचे, कारण सैपाक कोणी चपलेवर करत नाही. मग तिला भिंतीला पाठ लावून उभं करायचे, हात कोपरात वाकवायला सांगायचे आणि जमिनीपासून कोपरापर्यंत बांबूची एक कामटी धरायचे. कोपराशी पेन्सिलची खूण, त्याच्या चार बोटं खाली दुसरी. "इथं ओटा. याच्यावर गेला तर खांदा दुखन, खाली गेला तर कंबर." टेप त्यांच्या खिशात असायचा, पण तो दगडासाठी. बाईसाठी कामटी. प्रत्येक कामटीवर त्या बाईचं नाव आणि गाव लिहिलेलं. दुकानाच्या कोपऱ्यात अशा कामट्यांच्या सुतळीने बांधलेल्या जुड्या उभ्या असायच्या. अनोळखी माणसाला वाटावं, इथे कुडाचं सामान मिळतं.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. आमची ओळख एका ओट्यापुरती. पण मला शिकवणारी जी माणसं मी मोजतो, त्यांत त्यांचं नाव येतं, आणि मी स्वतः मास्तर असल्यामुळे हे जपून लिहितो आहे.

मी आर्णीला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आईने लोकांच्या वावरात कापूस वेचून, सोयाबीन सोंगून मला शिकवलं. नोकरी लागल्यावर आर्णीत एक जुनं घर घेतलं आणि आईला गावाहून आणलं. त्या घरात सैपाकघर होतं, कडप्प्याचा अरुंद ओटाही होता, पण आईने शेगडी खाली जमिनीवर घेतली. जन्मभर तिने चुलीपुढे बसून रांधलं. पुढे गुडघे गेले. डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून शेगडी वर गेली आणि आई सैपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसू लागली. माझी बायको वैशाली सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या ड्युट्या उलटसुलट. ती घाईघाईने पोळ्या लाटायची आणि आई दारातून विचारायची, "बाई, मी काही करू का?"

सहा महिने मी हा प्रश्न ऐकला. भाजी निवडायला मिळाली तर ती दोन तास निवडायची. काम संपलं की पुन्हा, "मी काही करू का?" स्वतःच्या घरात माणूस पाहुण्यासारखा बसलेला बघवत नाही. म्हणून मी सैपाकघर नवीन करायचं ठरवलं. आईला तिच्या चुलीपुढे परत न्यायचं, एवढंच काम होतं.

एवढंच, असं मी म्हणत होतो. खरं सांगायचं तर माझ्या मनात एक दगडही होता. यवतमाळला शिकत असताना एका प्राध्यापकांकडे मी अभ्यासाला जायचो. त्यांच्या पत्नी मला सैपाकघरात बोलावून जेवू घालायच्या. दुसऱ्याच्या सैपाकघरात आत बसून जेवण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काळ्या ग्रॅनाइटचा अखंड ओटा होता. ट्यूबलाइट त्यात आख्खी दिसायची. आपल्या आईला असाच ओटा करून द्यायचा, हे तेव्हाच मनात धरलं होतं. कागदावर मी तेच लिहून नेलं होतं. काळा, अखंड, नऊ फूट.

मिस्त्रींनी कागद परत दिला. पुढच्या रविवारी मी आई आणि वैशालीला घेऊन एसटीने दिग्रसला गेलो.

आई दुकानात आली आणि उभ्या लावलेल्या फरशांसमोर थांबली. हात पदराखाली. गावात ती लोकांच्या अंगणात धान्य निवडायला जायची. अंगणाच्या पुढे तिचा पाय कधी गेला नव्हता, आम्हाला तेवढीच मुभा होती. चकचकीत दगडाकडे बघत तिने मिस्त्रींना विचारलं, "हात लावू का, भाऊ?"

मिस्त्री एकदम उठले. "माय, हात लावल्याबिगर दगड समजते का? लावा. चांगला तळवा ठेवा. गाल लावा पटलं तं."

आईने गाल लावला नाही, पण हसली. मी तिला बाहेरच्या माणसासमोर इतकं मोकळं हसताना क्वचित पाहिलं होतं.

मग मिस्त्रींनी डबे काढले. त्यांच्या टेबलाखाली डब्यांची रांगच होती. हळद, तेल, अर्धं लिंबू, मोहरी, मीठ, ज्वारीचं पीठ. संगमरवराच्या तुकड्यावर त्यांनी लिंबू पिळलं आणि बाजूला ठेवलं. "याले थोडा वेळ राहू द्या." काळ्या तुकड्यावर मूठभर मोहरी पसरली, तिच्यात दोन खडे टाकले आणि आईपुढे सरकवला. "माय, खडे काढा."

आई वाकली, बोटांनी चाचपू लागली. तिला मोतीबिंदूची सुरुवात होती, आम्हाला अजून नीट ठाऊक नव्हतं. एक खडा सापडला, दुसरा नाही. तिने माझ्याकडे ओशाळं पाहिलं.

"तुमचा दोष नाही," मिस्त्री म्हणाले. "काळ्यावर मोहरी दिसत नाही, पांढऱ्यावर मीठ दिसत नाही. दुकानदार हे सांगत नाही, त्याले त्याची चमक विकाची असते." मग त्यांनी राखाडी दगडाचा एक तुकडा ठेवला, विटकरी ठिपक्यांचा, अगदी साधा. त्यावर मोहरी, मीठ, पीठ सगळं वेगवेगळं दिसत होतं. आईने दोन्ही खडे झटक्यात काढले. तेवढ्यात संगमरवरावरचं लिंबू मिस्त्रींनी पुसलं. जिथे रस होता तिथली चकाकी गेली होती. "पाहा. याच्यावर कैरी चिरली की झालं."

"पण मिस्त्री, मला काळाच हवा आहे," मी म्हणालो.

"सर, सैपाक तुमी करता का?"

वैशाली खुदकन हसली. "अंडीसुद्धा उकडता येत नाही त्याईले."

हे सगळं ते कुठे शिकले, असं मी विचारलं तेव्हा ते बापाबद्दल बोलले. बाप गावोगाव फिरून पाटे-वरवंटे, जाती टाकवून द्यायचा. म्हणजे वाटून वाटून गुळगुळीत झालेल्या दगडाला छिन्नीने पुन्हा खरखरीत करायचा. टाकवून झालं की तो घरच्या बाईला मूठभर मिरची वाटायला सांगायचा आणि तिथेच बसून राहायचा. बाईने मान हलवली तर काम झालं. नाही हलवली तर पुन्हा छिन्नी. "बाप म्हने, दगड आपुन फोडतो, पन थो कसा झाला हे आपल्याले समजत नाही. तिच्या मनगटाले समजते." मिस्त्रींची रीतही तीच होती, फक्त मिरचीच्या जागी भाकर आली होती. नवीन ओट्यावर पहिली भाकर घरच्या बाईने करायची आणि ती मिस्त्रींनी तिथेच खायची. त्याशिवाय ते हत्यारं बांधायचे नाहीत.

या हट्टापायी त्यांची मोठमोठी कामं गेली. दिग्रसच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात त्यांना बोलावणं आलं. मालकीणबाई मापासाठी कौतुकाने पुढे झाल्या. मिस्त्रींनी नेहमीचा प्रश्न विचारला. भाकर कोण थापते? मालकीणबाईंनी मागे उभ्या असलेल्या सैपाकीणबाईंकडे बोट केलं. मिस्त्रींनी कामटी घेतली आणि सैपाकीणबाईंना म्हणाले, "या बाई, भितीले लागा."

मालकीणबाई लाल झाल्या. "ओटा माझा आहे का हिचा?"

"ओटा तुमचा," मिस्त्री म्हणाले, "कंबर तिची."

काम तिथेच संपलं. दुसऱ्या कारागिराने मालकीणबाईंच्या मापाने ओटा केला. पुढे बाजारात ती सैपाकीणबाई दिसली की मिस्त्री लांबूनच ओरडायचे, "कंबर काय म्हनते?" आणि ती तितक्याच मोठ्याने उत्तर द्यायची, "काय म्हनन, भाऊ! बाईसायबाच्या मापाची हाय अजून!" हा किस्सा सांगताना मिस्त्री डोळे पुसेपर्यंत हसले. कोणावरही राग नव्हता.

आमचं माप सुरू झालं. आधी वैशाली. ती उंच आहे, कामटीवरची खूण बरीच वर गेली. मग आई. ती भिंतीला लागली आणि ताठ उभी राहिली, शाळेतल्या कवायतीसारखी. मिस्त्रींनी खूण केली, पण कामटी लगेच हलवली नाही. ते आईच्या दुसऱ्या हाताकडे बघत होते. तो हात मागे भिंत धरायला काहीतरी शोधत होता.

"माय, तुमचं हे उभं राहनं खोटं हाय," ते हळूच म्हणाले. "भाकर होईस्तोवर उभं राहवते का?"

आई म्हणाली, "सुनेच्या मापानं करा, भाऊ. मले आता काय करा लागते? आन् पोराच्या मनात काळा हाय, काळाच होऊ द्या. त्याच्या मनासारखं होऊ द्या."

मिस्त्रींनी एक लाकडी स्टूल ओढलं, आईला बसवलं आणि बसल्या कोपराचं माप घेतलं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला मुळीच आवडलं नाही. नऊ फुटांचा अखंड दगड नको. सहा फूट वैशालीच्या मापाने, आणि खिडकीकडचे तीन फूट खाली, आईच्या बसल्या मापाने. त्याच्याखाली कपाट नाही, पाय घालायला मोकळी जागा. वर एका बर्नरची वेगळी शेगडी.

"म्हणजे ओट्याला पायरी?" मी म्हणालो. "अखंड दगडाची शोभा जाईल. लोक विचारतील."

"विचारू द्या. म्हना, आमच्या घरी दोन बाया हायेत."

तो काळा दगड मी दहा वर्षं मनात बाळगला होता, तो सोडवत नव्हता. तेवढ्यात मिस्त्रींनी आईची कामटी घेतली आणि जाड पेन्सिलीने लिहिलं. आईला वाचता येत नाही.

"काय लिवलं?"

"तुमचं नाव. शेवंता, आर्णी."

"माह्या नावाचा वट्टा?" आईने कामटी हातात घेतली आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मी म्हणालो, "राखाडीच द्या, मिस्त्री. पायरीचा."

निघण्याआधी आईला पाणी हवं होतं. मिस्त्रींचं घर दुकानाच्या मागेच. आम्ही आत गेलो आणि मी पाहिलं तर तिथे माझ्या मनातला ओटा होता. काळा, अखंड, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्याच्यापुढे वच्छलाबाई, मिस्त्रींच्या पत्नी, एका लाकडी पाटावर उभ्या राहून वरण घोटत होत्या. अगदी ठेंगणी बाई. पाट नसता तर ओटा त्यांच्या छातीशी आला असता.

आईने पाटाकडे पाहिलं. वच्छलाबाईंच्या ते लक्षात आलं.

"पाहा, माय. साऱ्या तालुक्यातल्या बायाईचे कोपर मोजले या मानसानं. घरचीचं राहून गेलं."

मिस्त्री दाराशीच उभे होते. "नवीन घर होतं," ते म्हणाले. "मले वाटलं, चांगल्यातला चांगला दगड टाकाव. विचारलं नाही. साऱ्याईचा असते तेवढाच उंच केला. पाट मले सहा-सात वर्षानं दिसला."

"दिसत कसा नव्हता? रोज त्याच्यावर उभी राहून तुमाले वाढत होतो!"

"मोडतो म्हनलं किती खेपा."

"कायले मोडता? मले आता पाटाची सवय झाली. राहू द्या तसाच. येता-जाता तुमाले दिसन."

सगळे हसले, मिस्त्रीही. आई मात्र हसली नाही. पाणी प्यायली, पेला विसळून ठेवला आणि वच्छलाबाईंचा हात धरून दोन मिनिटं तशीच उभी राहिली.

पंधरा दिवसांनी मिस्त्री आर्णीला आले. चार दिवस घरात कटरचा आवाज आणि दगडाची भुकटी. काम झाल्यावर त्यांनी ओटा ओल्या फडक्याने तीनदा पुसला, स्टूल खालच्या तीन फुटांपुढे ठेवलं आणि स्वतः दारातल्या आईच्या खुर्चीवर जाऊन बसले. "माय, भाकर."

आईने परात पुढे घेतली. पीठ मळून घेतलं. पाय ओट्याखाली सरकले, पाठ सरळ झाली, आणि भाकर थापायला लागल्यावर तिच्या हाताला जुनी चाल सापडली. तो थापण्याचा आवाज मी सहा महिन्यांनी ऐकत होतो. भाकर तव्यावर फुगली. वैशाली वरच्या ओट्यावर ठेचा करत होती. आई स्टुलावरून न उठता म्हणाली, "बाई, मीठ बेतानं टाक." सहा महिने "मी काही करू का" विचारणारी बाई हुकूम सोडत होती. वैशालीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले आणि मीठ बेताने टाकलं.

मिस्त्रींनी भाकर हातावर घेतली, ठेच्याशी पहिला घास खाल्ला आणि आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. ते हत्यारं बांधायला उठणार, तेवढ्यात आई म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरच्या वट्ट्याची पह्यली भाकर खाल्लती का तुमी?"

मिस्त्री पुन्हा बसले. "तवा हे रीत नव्हती माही. बापाची होती, मी सोडलती. पाट दिसल्यावर धरली."

"मंग वच्छलाबाईले विचारा ना."

"विचारलं, माय. दहा खेपा विचारलं. नाहीच म्हनते."

"काय म्हनून विचारता?"

"मोडू का, म्हनून."

"तसं काहून विचारता?" आई म्हणाली. "मोडू का म्हनलं तं बाई नाहीच म्हनन. तिनं एवढी वर्सं त्याच्यावर काढली. मोडाचं नाव काढू नका. तुवं माप घेऊ का, असं विचारा."

मिस्त्रींनी उरलेली भाकर खाल्ली. जाताना आईच्या नावाची कामटी त्यांनी नेली नाही. खिडकीच्या चौकटीत खोचून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

त्यानंतर त्यांची भेट झाली नाही, एक सोडून. पुढच्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी मी दिग्रसला गेलो होतो. दुपारी एसटीला वेळ होता म्हणून दुकानाकडे वळलो. दुकान उघडं, पण आत कोणी नव्हतं. मागून ठोकण्याचा आवाज येत होता. घराच्या दाराशी गेलो तर अंगणात काळ्या ग्रॅनाइटचे तुकडे एकावर एक रचलेले, उन्हात अजून चमकत होते.

आत वच्छलाबाई अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. पाट त्यांच्याजवळ नव्हता. मिस्त्री गुडघे टेकून खाली बसले होते, केसांत भुकटी, दातांत पेन्सिल. कामटी कोपराशी धरलेली.

"चार बोटं खाली म्हनता ना," वच्छलाबाई म्हणत होत्या, "थे तुमचे बोटं नाही. माहे बोटं लावा."

मिस्त्रींनी त्यांचा हात धरला, बोटं मिटवून कामटीवर आडवी ठेवली आणि तिथे खूण केली. मग मी दिसलो. पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "सर, या, बसा. दोन दिवसात भाकर हाय. थांबता का?"

मला दोन दिवस थांबता येणार नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पेन्सिल पुन्हा हातात घेतली आणि कामटी मांडीवर आडवी धरून, एकेक अक्षर नीट जुळवत, बायकोचं नाव लिहायला लागले.